लाट ओसरल्यानंतर

तलफ लाटेसारखी येते. चढते, टोकाला पोहोचते आणि तिच्या मागे धावलं नाही तर ओसरते. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी ही प्रतिमा व्यसनमुक्तीच्या उपचारात रुजवली. लाटेशी झुंजायचं नाही, ती उतरेपर्यंत तिच्यावर तरंगत राहायचं. आज हीच गोष्ट पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना फोनवरच्या माइंडफुलनेस ॲपमधून शिकवण्याचे प्रयत्न होत आहेत. ही मुलं ‘जोखमीतली’, म्हणजे कुणाच्या घरात मारहाण आहे, कुणाची शाळा सुटली आहे, कुणी नशा करताना पकडलं गेलं आहे. ॲपचा उपयोग होतो का, हा प्रश्न आहेच. पण त्याच्या आधीचा प्रश्न असा, की ते मुलाच्या हातात ठेवताना आपण आपली कोणती जबाबदारी पार पाडतो आणि कोणती त्याच्या अंगावर ढकलतो?

या तंत्राचा एक धागा इगतपुरीशी जुळतो. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर १९९७ साली सिएटलजवळच्या एका तुरुंगात भरलं. अशा शिबिरांचा मार्लॅट आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा सुटकेनंतर तीन महिन्यांनी शिबिर केलेल्या कैद्यांचं दारू, गांजा आणि क्रॅक कोकेनचं सेवन इतरांपेक्षा कमी आढळलं. पुढे याच वर्तुळात आठ आठवड्यांचा गटउपचार आकाराला आला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २८६ प्रौढ होते, आणि वर्षाअखेरीस या उपचाराचा गुण नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक टिकलेला दिसला.

पण या तंत्राभोवती काय काय होतं, तेही पाहायला हवं. इगतपुरीला शिबिरात शिरताना फोन जमा करावा लागतो. तिथे दोन वेळचं अन्न, निवारा, शिकवणारा माणूस आणि शेजारी बसलेले साधक असतात. नशा न करण्याचं शील सुरुवातीलाच घेतलेलं असतं. सिएटलच्या उपचारातही गट होता, समोर बोलणारा-ऐकणारा माणूस होता. ॲपमध्ये उतरलं ते फक्त तंत्र, आणि तेही नेमकं त्या वस्तूत, जी इगतपुरीला दाराशी ठेवून आत जावं लागतं.

तरीही ॲपच्या बाजूने जे म्हणता येतं ते हलकं नाही. रात्री एक वाजता समुपदेशक नसतो, फोन असतो. तो रांगेत उभं करत नाही, चारचौघांत नाव पुकारत नाही. शिवाय व्यसनाबद्दल मुलांशी बोलताना मोठ्यांचा आवाज बहुधा दोनच सुरांत लागतो, धाक नाहीतर कीव. ॲप मुलाला सांगतं की इच्छा आणि कृती यांच्यात एक फट असते आणि तिथे तुला थांबता येतं. एखाद्या पोराला इतक्या सरळपणे ‘तू ठरवू शकतोस’ असं कुणी म्हटलं नसेल, तर त्यासाठी हे बोल मोलाचे आहेत.

अडचण त्यानंतर सुरू होते. लाट ओसरली की मुलगा उभा असतो तो त्याच खोलीत. भिंतीपलीकडे बाप आईला मारतो आहे आणि कानातला आवाज सांगतो आहे, मनातल्या भावनेकडे चांगलं-वाईट न ठरवता पाहा. पण त्या मुलाचा राग रास्त आहे, आणि तो रास्त आहे हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. भावना स्वीकारणं म्हणजे परिस्थिती स्वीकारणं नव्हे, असं यावर उत्तर देतात आणि ते खरं आहे. मात्र हा फरक समोर बसलेला माणूस समजावू शकतो. ध्वनिमुद्रित आवाजाला आपण कोणत्या खोलीत वाजतो आहोत हेच ठाऊक नसतं.

आपल्याकडे २०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत व्हाइटनर, थिनर, सोल्यूशनसारख्या हुंगायच्या नशेचं प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के होतं, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के. फलाटावर झोपणाऱ्या मुलाला श्वास मोजायला शिकवण्याआधी झोपायला जागा द्यावी लागते, हे सिद्ध करायला कुठल्याही चाचणीची गरज नाही.

आइसलँडने वेगळा रस्ता धरला. तिथे १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं आदल्या महिन्यात एकदा तरी दारूच्या नशेत होती. २०१६ साली हा आकडा ५ टक्क्यांवर आला. या काळात मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहायचं याचा कायदा अमलात आणला गेला, खेळ आणि संगीताच्या वर्गांसाठी पैसे दिले गेले, आईवडील रात्री गटागटाने रस्त्यांवर फिरू लागले. यात मुलांच्या मोकळेपणाला कात्री लागली हे खरंच, आणि छोट्या देशाचा नमुना मोठ्या देशाला जसाच्या तसा लागू पडत नाही. पण तिथे सवयी बदलण्याचं काम मोठ्यांनीही अंगावर घेतलं. ॲपच्या योजनेत बदलायचं ते फक्त मुलाने, बाकी सगळं आहे तसं राहतं. ज्याच्या हातात सर्वांत कमी आहे त्याच्याकडून सर्वांत जास्त मागणं, हा सौदा न्याय्य म्हणता येणार नाही.

म्हणून ॲप देऊच नये, असं नव्हे. देणाऱ्याने एवढं पाहावं, की मुलाने तलफ थोपवून धरली तर त्यानंतरच्या तासाला त्याने जायचं कुठे, याची सोय आपण केली आहे का? बारा दिवस सलग सराव करून तेराव्या दिवशी मुलगा चुकला, तर ॲप आठवणीची सूचना पाठवेल. त्या दिवशी काय झालं होतं, हे त्याच्याजवळ बसून विचारणारं माणूस योजनेत नसेल, तर आपण मुलाला मदत दिली नाही. मदत दिल्याचं समाधान फक्त स्वतःला दिलं.