नावाशी इमान

एखाद्या दुकानावर ‘बेकरी’ अशी पाटी आहे आणि आत मात्र पाव मिळत नाही, असे झाले तर आपण काय म्हणू? मालकाने धंदा बदलला, त्यात गैर ते काय, असे एकजण म्हणेल. मग पाटी का बदलली नाही, असे दुसरा विचारील. आम्हाला हा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. काळाप्रमाणे बदलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण ज्या नावावर लोकांचा विश्वास मिळवला, त्या नावाचे आपण काही देणे लागतो की नाही? गेल्या चार दशकांतील संगीत वाहिन्यांची वाटचाल डोळ्यांपुढे ठेवून या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाली. ‘म्युझिक टेलिव्हिजन’ या नावातच तिचे वचन होते. चोवीस तास गाणी, हा तिचा बाणा. पहिले गाणे ‘बगल्स’ या इंग्रज गटाचे होते, ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’. चित्रफितीने रेडिओच्या गायकाचा बळी घेतला, असा त्या शीर्षकाचा अर्थ. रेकॉर्ड कंपन्या आपल्या गाण्यांच्या चित्रफिती तयार करून देत, वाहिनी त्या दाखवी, मधूनमधून जाहिराती येत. सौदा सरळ होता.

पहिली दोन वर्षे या वाहिनीवर कृष्णवर्णीय कलावंत फार थोडे दिसत. १९८३ साली मुलाखतीस आलेल्या डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकाने उलट मुलाखतकारालाच त्याचा जाब विचारला. त्याच वर्षी मायकेल जॅक्सनचे ‘बिली जीन’ पडद्यावर आले आणि बंद दार किलकिले झाले. १९८८ साली रॅप संगीतासाठी ‘यो! एमटीव्ही रॅप्स’ हा स्वतंत्र कार्यक्रमच सुरू झाला. हाही बदलच होता. पण या बदलाने पाटीवरचे नाव अधिक खरे ठरले. जे संगीत आजवर दाराबाहेर उभे होते, ते घरात आले. तेव्हा बदल म्हणजे बेइमानी, असे सरसकट म्हणता येणार नाही.

१९९२ साली मात्र निराळी दिशा दिसू लागली. ‘द रिअल वर्ल्ड’ या कार्यक्रमात एकमेकांस अनोळखी अशा सात तरुण-तरुणींना न्यू यॉर्कमधील एका घरात ठेवून त्यांचे राहणे, बोलणे, भांडणे कॅमेऱ्याने टिपले. त्यामागचा हिशेब समजण्याजोगा आहे. गाणे तीन-चार मिनिटांचे. ते संपले की प्रेक्षकाचा अंगठा रिमोटवर जातो आणि तो दुसरीकडे निघून जातो. भांडण मात्र अर्धा तास धरून ठेवते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावते. जाहिरातदाराला थांबलेला प्रेक्षक हवा असतो. अशा रीतीने कार्यक्रमामागून कार्यक्रम येत गेले आणि गाणे कडेला सरकत गेले. फेब्रुवारी २०१० मध्ये तर बोधचिन्हाखालचे ‘म्युझिक टेलिव्हिजन’ हे शब्दही काढून टाकण्यात आले. पाटी बदलण्यास अठरा वर्षे लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

इंटरनेटमुळे हे सारे घडले, असे पुष्कळदा सांगितले जाते. यूट्यूब आले ते २००५ साली. त्याने संगीत वाहिन्यांची गरज कमी केली, हे खरेच. पण यजमान त्याच्या तेरा वर्षे आधीपासूनच ताटातील वाढप बदलू लागला होता. उशिरा आलेल्या पाहुण्याच्या माथी सारा दोष मारणे न्यायाचे नव्हे.

आपल्याकडेही हीच कथा थोड्याफार फरकाने घडली. चॅनल व्ही १९९४ साली आली. एमटीव्हीची स्वतंत्र भारतीय वाहिनी १९९६ साली. ज्यांच्या पाठीशी चित्रपट नव्हता, अशा गाण्यांना त्या काळी दूरदर्शनसंचावर हक्काची जागा मिळाली. अलिशा चिनॉय यांचे ‘मेड इन इंडिया’, लकी अली यांचा ‘सुनो’, हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचे ‘कलोनिअल कझिन्स’ घरोघरी पोहोचले. पुढे २००३ साली एमटीव्हीवर ‘रोडीज’ आले आणि स्पर्धा व कुरघोडी यांची गोडी लागली. चॅनल व्ही २०१२ साली गाणी सोडून तरुणांच्या मालिकांकडे वळली, काही वर्षांनी पुन्हा गाण्यांकडे परतली, आणि २०१८ साली भारतात बंद झाली. परतण्याची इच्छा झाली तेव्हा वाट पाहणारे उरले नव्हते.

येथे वाहिन्यांकडे बोट दाखवून थांबलो, तर आम्ही स्वतःची फसवणूक करू. आम्ही पालकांनी तेव्हा काय केले? पडद्यावरील कपडे आणि नाच पाहून आम्ही रागावलो, आवाज कमी करावयास सांगितले, प्रसंगी संच बंद केला. मुले जे गाणे ऐकत होती, ते त्यांच्यासोबत बसून एकदा तरी ऐकावे, हे आम्हाला सुचले नाही. गाणी गेली आणि त्यांच्या जागी भांडणे आली, तेव्हा कपडे बेताचे होते म्हणून आमच्या ते ध्यानातही आले नाही. शिवाय रिमोट आमच्याही हाती होता. कंटाळवाणे वाटले की बदल, चुरचुरीत वाटले की थांब, असे आमचेही चालले होते. ‘लोकांना हेच हवे’ असे वाहिन्या म्हणतात, तेव्हा त्या लोकांत आम्हीही असतो.

कोणी म्हणेल, संस्था जगली पाहिजे. तिच्यावर अनेकांची चूल पेटते. हे आम्हाला मान्य आहे. म्हणूनच प्रत्येक बदलाला दोष न देता आम्ही एवढेच विचारू, की या बदलाने मूळ वचन अधिक पुरे होते, की केवळ त्याची पुण्याई खर्च होते? रॅपला जागा देणे हे पहिल्या प्रकारचे. संगीताच्या नावावर जमवलेल्या तरुणांना कुरघोडी दाखवणे हे दुसऱ्या प्रकारचे. आणि वचन पाळणे खरोखरच अशक्य झाले असेल, तर पाटी उतरवणे हाही प्रामाणिकपणाच आहे.

३१ डिसेंबर २०२५ रोजी ब्रिटनमध्ये एमटीव्हीच्या पाच संगीत वाहिन्या बंद झाल्या. त्यांपैकी ‘एमटीव्ही म्युझिक’वरचे शेवटचे गाणे १९८१ चेच होते, बगल्सचे. एमटीव्हीची मूळ वाहिनी मात्र तेथे चालू राहिली, ती गाण्यांवाचून. पाव गेला, बेकरी राहिली.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या दारावर एखादी पाटी असतेच: शिक्षक, डॉक्टर, आई, बाप, मित्र. दारावरून जाताना ती वाचण्याची सवय मोडते. कधीतरी बाहेर येऊन, परक्याच्या नजरेने ती वाचावी, आणि मग आत जाऊन पाव आहे का ते पाहावे.