थेट म्हणजे कुठून?

आषाढी एकादशीला पहाटे अडीचच्या सुमारास विठ्ठलाची शासकीय महापूजा सह्याद्री वाहिनीवर थेट दिसते. त्यासाठी आमच्या घरी गजर लागायचा. सकाळच्या बातम्यांत तीच पूजा पुन्हा दाखवत, पण आजी तिकडे ढुंकूनही बघत नसे. "झाली की पूजा," एवढंच म्हणायची. चित्र तेच, आवाज तोच. मग सकाळी नेमकं काय कमी पडत होतं?

2020 मध्ये हाच प्रश्न व्हॅटिकनपुढे उभा राहिला. कोविडमुळे चर्चची दारं बंद, ईस्टर तोंडावर. 25 मार्चला निघालेल्या आदेशात म्हटलं होतं, की भाविकांना विधीची वेळ कळवावी, म्हणजे घरी बसून त्यांना प्रार्थनेने त्यात सामील होता येईल. प्रक्षेपणाची मदत घ्यायची तर ते थेट असावं, मुद्रित नव्हे. 'मुद्रित नव्हे' हे मूळ मजकुरात नुसतं कंसात आलं आहे, पण सगळा भार त्या कंसावर आहे. मिस्सेतलं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतलं, प्रवचन उद्या ऐकलं तरी बिघडत नाही. भाकर आणि द्राक्षारस अर्पण करणं मात्र सांगण्याची गोष्ट नाही, ती करण्याची आहे, आणि केलेल्या गोष्टीला वेळ असते. आपल्याकडेही हा भेद न शिकवता कळतो. बाबामहाराज सातारकरांचं कीर्तन कॅसेटवर कितीदाही ऐकावं. कालची काकड आरती आज बघताना मात्र काहीतरी शिळं वाटतं.

पण हा भेद वाटतो तितका सरळ नाही. गणपतीत कितीतरी घरांत मोबाइलवर आरती लावतात. गाणाऱ्याने ती कधीकाळी स्टुडिओत गायलेली असते, तरी ती आरती खोटी आहे असं कुणी म्हणत नाही, कारण निरांजन आत्ता पेटलेलं असतं. उलट, थेट महापूजा सोफ्यावर आडवं होऊन पाहणाऱ्याच्या घरी काय घडतं? तिकडे पूजा, इकडे कार्यक्रम. म्हणजे प्रक्षेपण जिवंत आहे की नाही, हे अर्धं आपल्या टोकाला ठरतं.

उरलेलं अर्धं ते आत्ता घडत असण्यात असतं. 1 जुलै 2020 ची आषाढी आठवा. पादुका एसटीने पंढरपुरात आल्या होत्या, दर्शनाची रांगच नव्हती. एरवी रांगेतल्या दांपत्याला मिळणारा पूजेचा मान त्या वर्षी मंदिरात सेवा करणाऱ्या वीणेकऱ्याला मिळाला. ते रिकामेपण आत्ता, या घटकेला आहे, हे ठाऊक असल्यामुळेच गळा दाटत होता. म्हणून मुद्रित चित्रावर 'थेट' अशी पट्टी लावणं मला नुसती तांत्रिक लबाडी वाटत नाही. एका देवस्थानाच्या वाहिनीवर मी सलग दोन दिवस तोच हार, तोच शेला आणि कोपऱ्यात तोच जांभई देणारा सेवेकरी पाहिला, तेव्हा फसवणूक झाली ती माझ्या हात जोडण्याची. (खरं तर 'थेट'सुद्धा काही सेकंद उशिराच पोचतं, शेजारच्या टीव्हीवरची घंटा आपल्याआधी वाजते. तेवढं देव चालवून घेत असावा.)

थेट प्रक्षेपणात वेळ देवाची असते, आपण जागं राहायचं. मुद्रणात वेळ आपली आणि देवाने थांबायचं. आजीला खटकत होतं ते हेच असणार. माझा कलही तिच्याच बाजूला आहे.

अडचण करतो तो न्यू जर्सीतला माझा भाचा. पंढरपुरात महापूजा सुरू होते तेव्हा त्याच्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात आणि तो ऑफिसात असतो. तो दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, अंघोळ करून, मुद्रित पूजा लावतो. मी त्याला आजीचं वाक्य ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, विठोबाला थांबायला सांगणारा मी पहिला नाही."

आता यावर काय बोलणार? पंढरपूरचा देव विटेवर उभा आहे तोच मुळी भक्ताने 'थांब' म्हटलं म्हणून. पुंडलिकाच्या हाती आईवडिलांचे पाय होते आणि याच्या हाती रिमोट, एवढं मी म्हणू शकलो असतो. पण पूजा संपेपर्यंत तो रिमोटला हात लावत नाही, हे त्याच्या बायकोने मागे एकदा सहज सांगितलं होतं.