बांधीच्या कडेला

सक्करदऱ्याच्या बुधवारच्या बाजारात गावरान कोंबडी पारखणारे गिऱ्हाईक तिचे वजन हाताने अजमावते, पिसांखाली बोटे घालून छातीचा भरदारपणा पाहते; परंतु तिच्या पिवळ्या पायांत तिच्या वंशवृत्ताचा एक दस्तऐवज आहे, हे त्याच्या सहसा ध्यानी येत नाही. तांबडा रानकोंबडा हा कोंबडीचा मूळ पूर्वज, हे डार्विनचे मत आज सर्वमान्य असले, तरी कातडीस पिवळा वर्ण देणारे जनुक मात्र सह्याद्रीत व दक्षिणेत वावरणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आले असावे, असे 2008 साली संशोधकांनी दाखविले.

मनुष्याने पाश टाकून रानपाखरू धरले व त्यास अंकित केले, अशी आपली समजूत असते. थायलंडातील बान नॉन वात येथे सापडलेल्या, इ.स.पू. 1650 ते 1250 या काळातील अस्थींवरून 2022 साली मांडलेले अनुमान निराळे आहे: रान तोडून भात व भरडधान्ये पिकू लागली, तेव्हा सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने हे पक्षी आपण होऊन वस्तीजवळ आले. त्यांतील जे माणसास कमी बुजले ते तेथेच राहिले, आणि त्यांचीच पिलावळ वाढत गेली. पूर्व विदर्भात, जेथे भाताच्या बांधीला बांबूचे रान खेटून असते, तेथे हा प्रसंग समजण्यास फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. पायांनी पाचोळा उकरावा, एक पाऊल मागे सरावे, मान वाकडी करून जमीन न्याहाळावी आणि मगच दाणा टिपावा, ही रानातली रीत अंगणातल्या कोंबडीने आजही सोडलेली नाही.

या साहचर्यात मनुष्याने पुढे पुष्कळ वसूल केले. रानकोंबडी एका विणीत चार-सहा अंडी घालते, तर निवड करून पैदा केलेली कोंबडी वर्षाकाठी तीनशेच्या घरात. गावरान कोंबडी अजूनही खुडूक बसते, पिसे फुलवून अंड्यांवर दिवसचे दिवस ठाण मांडते व जवळ येणाऱ्या हातास टोचते; लेगहॉर्नसारख्या जातींत मात्र हा मातृधर्म बहुतांशी लोपला असून, उबवण्याचे काम यंत्राकडे गेले आहे.

याहूनही गंभीर हानी रानात होत आहे. जेथे वस्ती वनास भिडते तेथे घरचे कोंबडे रानकोंबड्यांशी संकर करतात, आणि मूळ वंशात पाळीव रक्त मिसळत जाते. पिसांचा वर्ण पुष्कळदा तोच राहत असल्याने हा ऱ्हास डोळ्यांस दिसतही नाही. म्हणून पाळलेल्या जिवाला दाणापाणी दिले की आपले उत्तरदायित्व संपले, असे मानता येणार नाही. ज्या रानाने हा पक्षी आपणांस दिला, तेथे उरलेल्या त्याच्या आप्तांचेही ऋण आपल्या माथी आहे. आणि जंगलालगतच्या गावांनी व वनखात्याने मिळून गावच्या कोंबड्या रानात मोकाट जाणार नाहीत एवढी व्यवस्था केली, तरी त्या ऋणाचा पहिला हप्ता फिटेल.