राखणीची किंमत कोण मोजतं?

१ जुलै २०१६ रोजी महाराष्ट्रात एका दिवसात दोन कोटी झाडं लावण्याचा कार्यक्रम झाला. २०१९ च्या पावसाळ्यासाठी उद्दिष्ट ३३ कोटींचं होतं. त्यासाठी खड्डे खणणाऱ्या हातांबद्दल मला आदरच आहे. पण रोप जगणार की नाही, हे पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत ठरतं. तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा राखणारे लागतात.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाडा या आदिवासी पाड्यानं चैत्राम पवार यांच्या पुढाकारानं नव्वदच्या दशकात उजाड डोंगर राखायला घेतले. कुऱ्हाडबंदी झाली, नियम मोडणाऱ्याला दंड बसू लागला. सुमारे ११०० एकर जंगल पुन्हा उभं राहिलं. पानझडी रानात सगळंच लावावं लागत नाही. तोडलेल्या कित्येक झाडांची मुळं जिवंत असतात; कुऱ्हाड आणि गुरांचं तोंड लांब राहिलं की खुंटाला धुमारे फुटतात. पालापाचोळा साचतो, कुजतो, मातीला धरून ठेवतो. उतारावरून धावणारं पाणी रेंगाळतं, मुरतं आणि पायथ्याच्या विहिरीत उतरतं. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मला फार आनंद झाला.

पण कुऱ्हाडबंदीचा ठराव झाला त्या संध्याकाळी चूल कुणाची अडते? मोळी विकून मीठ-मिरची आणणाऱ्या बाईची. चराईबंदी झाली की अडचण होते ती चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्याची. ज्याच्या घरी गॅस आहे आणि गोठ्यात विकतचा चारा येतो, त्याला हात वर करायला काहीच लागत नाही. आणि विहिरीला पाणी वाढलं की पहिला पंप त्याचाच सुरू होतो. मोळीवालीला बहुधा शेतच नसतं. हा मला सरळ अन्याय वाटतो, मग डोंगर कितीही हिरवा दिसो.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं मोकळी चराई बंद केली, पण विळ्यानं गवत कापून न्यायची मुभा ठेवली. त्यामुळे रोपं वाचली आणि दावणीच्या जनावरांना चाराही मिळाला. अशी वाट ठरावाआधी शोधावी लागते, आणि ती शोधताना शेळीवाला व मोळीवाली बैठकीत हवीत. यंदा ज्या गावांत वृक्षारोपणाची तयारी चालू आहे, त्यांनी ग्रामसभेत रोपांच्या आकड्याआधी सरपणाचा आणि चाऱ्याचा विषय घ्यावा.