दगडाला पाणी

मी आजवर अकरा लिथॉप्स मारली आहेत. त्यातलं एकही तहानेनं मेलं नाही. सगळीच्या सगळी मी घातलेल्या पाण्यानं मेली.

लिथॉप्स म्हणजे ‘लिव्हिंग स्टोन’ या नावानं विकतात ते झाड. रील्समध्ये तुम्ही पाहिलं असेल. दोन जाड, गरदार पानं एकमेकांना चिकटलेली आणि मध्ये एक चीर, बस्स. खोड दिसत नाही, फांद्या नाहीत. रंग करडा, तपकिरी, मातकट हिरवा, वर बारीक नक्षी. खडीत ठेवलं तर बोटानं चाचपून शोधावं लागतं. नावाचा अर्थही तोच आहे. ग्रीकमध्ये ‘लिथोस’ म्हणजे दगड आणि ‘ऑप्स’ म्हणजे चेहरा.

बाबा गेले त्या वर्षी मी पहिलं लिथॉप्स घेतलं. आई साताऱ्यात एकटी राहायला लागली होती आणि मी पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये. बाल्कनीत काहीतरी जिवंत असावं असं वाटत होतं. नर्सरीवाल्या काकांनी रोप हातात देताना एवढंच सांगितलं, “याला विसरलात तर जगेल.” मला तो विनोद वाटला. विसरणं हा माझा स्वभावच नव्हता.

मी रोज सकाळी त्याच्यासमोर बसायचे. रोज बघितलं की रोज काहीतरी करावंसं वाटायचं. आज जरा मलूल दिसतंय, चार थेंब घालू या. तिसऱ्या आठवड्यात एक पान वरून फाटलं. पाणी इतकं प्यायलं होतं की कातडी पुरली नाही. मग बुडाशी ते लिबलिबीत झालं आणि एका सकाळी बोट लावताच बसलं. मी रडले. ते रडणं झाडासाठी होतं की बाबांसाठी, ते आता सांगता येणार नाही.

*

या झाडाचं घर म्हणजे दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातले कोरडे, गारगोट्यांनी भरलेले माळ. थोडी बोत्सवानातही आहेत. तिथे पाऊस कमी आणि त्याचाही भरवसा नाही. म्हणून झाडानं बहुतेक अंग जमिनीत पुरून ठेवलं आहे, वर दिसतो तो फक्त पानांचा माथा. अनेक जातींत त्या माथ्यावर अर्धवट पारदर्शक खिडकी असते. ऊन तिच्यातून आत उतरतं आणि मातीच्या पातळीखाली, पानाच्या आतल्या बाजूला असलेल्या हिरव्या पेशींपर्यंत पोचतं. म्हणजे हे झाड जमिनीत बसून सूर्यप्रकाशावर जगतं.

१८११ साली विल्यम बर्चेल हा इंग्रज प्रवासी दक्षिण आफ्रिकेत प्रिस्काजवळून जात होता. त्यानं एक विचित्र आकाराचा खडा म्हणून काहीतरी उचललं आणि ते झाड निघालं. लिथॉप्सची ही पहिली नोंद. ‘लिथॉप्स’ ही वेगळी प्रजाती म्हणून नाव मिळायला मात्र १९२२ साल उजाडलं. ते नाव एन. ई. ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञानं दिलं.

पण मला या झाडात सगळ्यात नवलाची वाटते ती त्याची वर्षाची रीत. फूल येऊन गेलं की जुन्या पानांच्या पोटात नवी जोडी तयार व्हायला लागते. नवी पानं वाढतात ती जुन्या पानांतलं पाणी पिऊन. जुनी सुरकुततात, खंगतात, शेवटी कागदासारखी होऊन बुडाशी चिकटून राहतात. हे काही महिने चालतं आणि या काळात बाहेरून पाणी द्यायचं नसतं. दिलंत तर जुनी पानं वाळायचं सोडून पुन्हा फुगतात, एकावर एक दोन जोड्या बसतात आणि झाडाचं गणित बिघडतं.

आता गंमत बघा. या काळात झाड दिसतं कसं? सुरकुतलेलं, दमलेलं, तहानलेलं. ज्याच्या मनात थोडी माया आहे तो माणूस त्याला पाणी घालणारच. माझी अकरापैकी चार झाडं या मायेनं गेली. बाकीची पुण्याच्या पावसाळ्यात गेली. हवेतच इतकी ओल असताना मी वरून आणखी पाणी घालत होते.

*

आता आईबद्दल. बाबा गेल्यानंतर मी तिला दिवसातून चार वेळा फोन करायचे. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, दार नीट लावलंस का. तिनं फोन उचलला नाही की माझ्या पोटात गोळा यायचा, मग शेजारच्या काकूंना फोन. शेवटी मी हॉलमध्ये एक वायफाय कॅमेरा बसवला. ऑफिसमध्ये मीटिंग चालू असतानाही मी टेबलाखाली मोबाइलवर आई बघायचे. आई भाजी निवडतेय, आई सोफ्यावर पेपर वाचतेय. जिवाला बरं वाटायचं.

दोन महिन्यांनी एके दिवशी स्क्रीन पांढरी झाली. नीट बघितलं तर जाळीदार नक्षी दिसली. टीव्हीवर घालायचं क्रोशाचं कव्हर तिनं कॅमेऱ्यावर टाकलं होतं. मी लगेच फोन केला.

“अगं, काढ ते.”

“का?”

“तुझी काळजी वाटते म्हणून.”

“तुला वाटते ना? मग तुझ्यापाशी ठेव की थोडी.”

तिनं फोन ठेवला. मला राग आला. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

मराठीत आपण ‘काळजी’ हा एकच शब्द दोन कामांना वापरतो. काळजी करणं आणि काळजी घेणं. क्रियापद बदललं की सगळं बदलतं. करते ती काळजी माझ्या आत चालते. तिचा त्रास मला होतो आणि तो मला थांबवायचा असतो. घेते ती काळजी समोरच्याची असते. त्याला काय हवं इथून ती सुरू होते. शब्द एकच असल्यामुळे एकीला दुसरी समजण्याची चूक सोपी आहे. मी झाडाला पाणी घालत होते ते माझी बेचैनी शमावी म्हणून. कॅमेरा आईकडे तोंड करून होता, पण तो बसवला होता माझ्यासाठी. पाणी त्यांच्या वाट्याला येत होतं आणि तहान माझी भागत होती.

*

ही तहान किती लांब जाऊ शकते याचं उदाहरण याच झाडांच्या कुळात आहे. लिथॉप्सचा एक भाऊबंद म्हणजे कोनोफायटम. हाही बुटका, गुबगुबीत आणि फोटोत फार गोड दिसणारा. गेल्या काही वर्षांत जगभर घरात सक्युलंट ठेवायचं वेड वाढलं आणि दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या डोंगरांवरून ही रोपं पोत्यांनी उपटली जाऊ लागली. तिथल्या यंत्रणांनी आजवर लाखो रोपं जप्त केली आहेत. काही जाती एखाद्या टेकडीपुरत्याच उगवतात. चार माणसांनी एक रात्र काम केलं तर जात संपायच्या बेताला येते. उपटणारे बहुधा गरीब गावकरी असतात, पैसा कमावणारे दुसरेच, आणि शेवटचा ग्राहक दूर देशातल्या एखाद्या नीटनेटक्या घरात.

त्या ग्राहकाला झाडाचा द्वेष नाही हे लक्षात घ्या. त्याचं प्रेमच आहे. तो त्याच्यासाठी महागडी कुंडी आणेल, वेगळा दिवा लावेल, रोज फोटो काढेल. फक्त हे झाड कुठे होतं आणि तिथे त्याचं काय चाललं होतं, हा प्रश्न त्याच्या प्रेमात येत नाही. मी त्याला शिव्या देऊ शकते, पण माझ्या बाल्कनीत बसून दिलेल्या त्या शिव्या जरा पोकळ वाटतात. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यापेक्षा प्रेम करणाऱ्याची गरज मोठी होते, ही गोष्ट त्याची आहे तशी माझीही आहे.

याच्या उलट उदाहरण आहे डेस्मंड आणि नॉरीन कोल या जोडप्याचं. डेस्मंड कोल जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात आफ्रिकी भाषांचे प्राध्यापक होते, त्स्वाना भाषेचं व्याकरण त्यांनी लिहिलं. सुट्टी मिळाली की नवरा-बायको माळरानं तुडवत लिथॉप्स शोधायचे. असं त्यांनी कित्येक दशकं केलं. लिथॉप्सच्या चारशेच्या आसपास वसाहतींना त्यांनी क्रमांक दिले. आजही चांगल्या बियांच्या पाकिटावर ‘कोल नंबर’ छापलेला असतो, म्हणजे या बीचे पूर्वज कोणत्या माळावरचे ते कळतं. भाषेचा अभ्यासक जसा बोलणाऱ्याला मध्ये न तोडता ऐकतो, तसं काहीसं हे बघणं मला वाटतं.

*

इथे तुम्ही म्हणाल, मग काय, सगळ्यांना आपापल्या जागी सोडून द्यायचं? मीही तेच ठरवलं होतं. कॅमेऱ्याच्या भांडणानंतर मी फोन कमी केले. आधी दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. मनाशी म्हणायचे, मी तिच्या स्वातंत्र्याचा आदर करतेय. खरं तर मी रुसले होते. त्याच महिन्यात आईला पाच दिवस ताप होता आणि तो मला बरा झाल्यावर कळला. “तू कामात असशील म्हणून नाही सांगितलं,” ती म्हणाली. बाल्कनीतही तेच झालं होतं. पाणी द्यायचं नाही असा नियम करून मी तिकडे बघणंच सोडलं होतं आणि उरलेल्या दोन झाडांपैकी एकाला पिठ्या ढेकणानं पार पोखरलं होतं.

आदर आणि दुर्लक्ष बाहेरून सारखेच दिसतात. दोन्हींत हात मागे असतो. फरक डोळ्यांत असतो. ‘दुर्लक्ष’ या शब्दात लक्षच बिघडलेलं आहे.

आणि नुसतं लक्षही पुरत नाही, कारण खूण एक आणि अर्थ तीन असं असतं. लिथॉप्स सुरकुतलं तर त्याला तहान लागलेली असू शकते. किंवा त्याच्या आत नवी पानं दूध प्यायल्यासारखी पाणी पीत असू शकतात. किंवा कडक उन्हाळ्यात ते नुसतं झोपलेलं असू शकतं. पहिल्या वेळी पाणी द्यायचं, दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी हात आवरायचा. कुठली वेळ आहे हे सुरकुती बघून कळत नाही. हे झाड गेल्या महिन्यात कसं होतं, फूल कधी आलं होतं, हे माहीत असावं लागतं. नियम फोनमध्ये सापडतो, ही माहिती सोबत राहून मिळते.

आई म्हणजे जुनी पानं आणि मी नवी, असं लिहून टाकायचा मोह मला झाला होता. पण ते खोटं होईल. आई कागद होऊन माझ्या बुडाशी चिकटलेली नाही. तिची भिशी आहे, सकाळचा योगासनांचा वर्ग आहे, शेजारणीशी एक जुनं भांडण आहे. आणि झाडाशी तुलना आणखी एका जागी तुटते, ती मला सगळ्यात उशिरा दिसली. झाड बोलत नाही म्हणून त्याच्याबाबत अंदाज करावा लागतो. आई बोलते. मी तिला विचारलंच नव्हतं.

दिवाळीत साताऱ्याला गेले तेव्हा विचारलं. भांडी पुसता पुसता तिनं यादीच सांगितली. दुपारी दोन ते चार फोन करू नकोस, मी झोपते. न्हाणीघरात धरायला एक दांडा बसवून दे. तो कॅमेरा काढ. आणि रात्री नऊनंतर फोन कर, त्या वेळेला घर फार मोठं वाटतं.

माझे चारही फोन दिवसा असायचे. नऊला एकही नव्हता.

दांडा दुसऱ्याच दिवशी बसला. कॅमेरा काढून पुण्याला आणला, तो आता कपाटात आहे. कधीतरी अशी वेळ येईल की आईला तिला काय हवंय ते सांगता येणार नाही. त्या वेळी विचारून भागणार नाही, बघूनच ओळखावं लागेल, आणि कदाचित पुन्हा चुकेन. त्या दिवसासाठी तिला आत्तापासून नीट ओळखून घेणं एवढं मात्र माझ्या हातात आहे.

बाल्कनीत सध्या बियांपासून वाढवलेली सहा रोपं आहेत, मटाराएवढी. फूल यायला तीन वर्षं तरी लागतील. आज त्यातलं एक जरा सुरकुतलेलं दिसतंय. बाटली मी आत ठेवून आले. उद्या सकाळी पुन्हा बघेन. आत्ता नऊ वाजत आलेत.