सुधारणा कुणाच्या रक्ताची?

तंत्रज्ञानाने माणूस अधिक बुद्धिमान, अधिक बळकट, जवळजवळ अमर करता येईल का, यावर शहरांत परिसंवाद रंगतात. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरहून पाहिलं की या प्रश्नांचा क्रमच बदलतो. गावाच्या पश्चिमेला, नवापूरच्या अंगाला कोकणा, भिल्ल, मावची वस्त्या लागतात. या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान् पिढ्या आहे. ऊसतोडीला गेलेला एखादा पोरगा ऐन थंडीत, पुरेसं पाणी न पिता राबतो आणि हाडं ठणकून अंथरूण धरतो. त्याला कुणी महामानव करायला नको आहे. त्याला ती कळ थांबायला हवी आहे.

या कळेचं मूळ एका जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलात आहे. प्राणवायू सोडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पण हा बदल आईवडिलांपैकी एकाकडूनच आला, तर माणूस नुसता वाहक असतो आणि सहसा ठणठणीत राहतो; शिवाय जीवघेण्या हिवतापापासून त्याचा बराच बचाव होतो. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. आपण ज्याला दोष म्हणतो, तो डासांच्या रानात माणसाला तगवणारा गुण होता. कोणतं शरीर सरस, हे रान, हवा, आजार आणि काम मिळून ठरवतात. ते प्रयोगशाळेत एकदाच आणि कायमचं ठरवता येईल, यावर माझा विश्वास नाही.

तरीही जनुकांना हात लावूच नये, असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या 'कॅसजेव्ही' उपचारात रुग्णाच्याच मूळपेशी काढून त्यांत फेरफार करतात आणि गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं. वर्षानुवर्षं कळा सोसलेली माणसं त्यातून मोकळी झाली आहेत. हे थोर काम आहे. मात्र त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. आणि आधी जहाल केमोथेरपी घ्यावी लागते, जिच्यामुळे पुढे मूल होण्याची शक्यताही जाऊ शकते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने विकसित केलेली 'बिरसा १०१' ही जनुक-उपचाराची देशी पद्धत जाहीर झाली. तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेलं आहे. बिरसा मुंडांचं नाव घेतलं, तर ती आदिवासी पाड्यांपर्यंत पोचवण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

माझी हरकत दुसऱ्या टोकाला आहे. रुग्णाने समजून-उमजून स्वतःचं रक्त बदलून घेणं हा उपचार झाला. २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुई यांनी भ्रूणांच्या जनुकांत फेरफार केल्याचं जाहीर केलं, तेव्हा ज्यांच्या वाट्याला तो बदल आला त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि 'सुधारणे'च्या ध्यासात शहाणी माणसंही कुठवर जातात! सिकलसेल हा रेणूच्या पातळीवरचा आजार आहे हे १९४९ मध्ये दाखवणाऱ्या लायनस पॉलिंग यांनीच १९६८ मध्ये वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, असं सुचवलं होतं.

१ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे. सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. तपासणी हवीच. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे जोडप्याला आधी कळलं पाहिजे. पण तपासणीचं कार्ड मुलीच्या कपाळावरचं गोंदण होऊ नये. ते तिच्या हाती राहावं, गावाच्या तोंडी नव्हे. डॉ. सुदाम काटे यांच्यासारख्यांनी दशकानुदशकं आदिवासी भागांत जाऊन तपासणीचं काम केलं, ते माणसं हेरून वेगळी काढण्यासाठी नव्हे.

नवा उपचार येईपर्यंत कळा कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या खंड न पडता मिळायला हव्यात, ऊसतोडीच्या फडावरसुद्धा. आणि उद्या कुणी नव्या उपचाराच्या चाचणीसाठी या भागात आलं, तर संमतीपत्र कोकणा बोलीत, भिलीत, अहिराणीत सावकाश समजावून सांगावं लागेल; मूल न होण्याचा धोका स्पष्ट शब्दांत. 'नाही' म्हटलं तरी गोळ्या आणि दवाखाना बंद होणार नाही, हे सही घेण्यापूर्वी सांगावं लागेल.