मृत्यूची नेमकी वेळ

22 एप्रिल 2014 रोजी हैदराबादच्या उच्च न्यायालयाने चुंडूर हत्याकांडातल्या सगळ्या दोषींना निर्दोष सोडलं. कारणं सभ्य, कायद्याच्या भाषेतली होती. मृत्यूची नेमकी वेळ, नेमकं घटनास्थळ आणि हल्लेखोरांची ओळख सरकार पक्षाला सिद्ध करता आली नाही. निकालात जातीचा द्वेष शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

तेव्हाच्या गुंटूर जिल्ह्यातल्या या गावात थिएटरात एका दलित तरुणाचा पाय सवर्ण मुलाला लागला, त्यावरून धुमसत होतं. 6 ऑगस्ट 1991 ला दलित वस्तीतली माणसं जिवाच्या भीतीने शेतांकडे पळाली आणि सवर्णांच्या जमावाने त्यांना तिथे गाठलं. आठ जण मारले गेले. प्रेतं पोत्यांत भरून कालव्यात टाकलेली. ती पुढच्या दिवसांत सापडत गेली.

आता नेमकी वेळ सांगणार कोण? पाण्यात राहिलेल्या देहावरून डॉक्टर अंदाजच देणार. पिकात दडलेल्या माणसाने घड्याळ पाहिलेलं नसतं. प्रेत लपवून पुरावा नासवायचा आणि त्या नासलेल्या पुराव्याचा फायदाही आपणच घ्यायचा! हजारो रुपये फी घेणाऱ्या वकिलालाही याहून सोयीची व्यवस्था सुचली नसती.

चुंडूरच्या दलितांनी मेलेल्यांना गावाच्या मधोमध पुरलं आणि त्या जागेला ‘रक्तक्षेत्रम्’ म्हटलं. खटला आमच्या गावातच चालवा, हा हट्ट त्यांनी धरला आणि विशेष न्यायालय गावात आणवलं. साक्षीला जाताना रस्त्यात कुणी अडवू नये, एवढा साधा व्यवहार त्यामागे होता. 31 जुलै 2007 ला निकाल लागला: 21 जणांना जन्मठेप, 35 जणांना एक वर्ष, 123 सुटले. घटना आणि निकाल यांत सोळा वर्षं गेली. अपिलात दलितांच्या बाजूने उभे राहिलेले बोज्जा तारकम हे आंध्रातल्याच करमचेडूच्या दलित हत्याकांडानंतर सरकारी वकिली सोडून आलेले वकील. उच्च न्यायालयाच्या निकालाला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

आपण मराठी माणसांनी आंध्रकडे बोट दाखवू नये. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले गेले. आठ जणांना शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. जात होती, प्रेतं होती. जातीमुळे मारलं, हे तेवढं सिद्ध झालं नाही.

संशयाचा फायदा आरोपीला मिळावा, हे तत्त्व मला सोडायचं नाही. फक्त तो कुणाला मिळतो ते पाहावं. महाराष्ट्रातल्याच 2003 च्या एका हत्याकांडात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशी ठोठावली गेली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंमधून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, तरी त्या दिशेने तपास झाला नव्हता. मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. ओळखीबद्दलचा संशय इथेही पहिल्या दिवसापासून कागदावर होता. त्याकडे बघायला सोळा वर्षं लागली.